‘मी तर बारीकच आहे’: पंचविशीतल्या या चुका टाळा

काटा साठ किलो दाखवतोय, कॉलेजातली जीन्स अजून होतेय, मग शुगर कशाला तपासायची? पंचविशीतली सगळ्यांत महागात पडणारी समजूत हीच.

२००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो दिला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबात वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं सुटलेलं, अशी अंगकाठी घराघरात दिसते. चरबी पोटात, यकृताभोवती साठली की रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, आणि काट्याला यातलं काही कळत नाही.

म्हणून टेप घ्या. इथेही चूक ठरलेली: पँटच्या कमरेवर मोजायचं. पँट पोटाखाली घसरलेली असते हो! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पोट आत ओढू नका (मी ओढून पाहिलंय, आकडा लगेच गोड होतो). पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलं तर सावध व्हा.

‘मी गोड खातच नाही’ म्हणणाऱ्यांनी चहा मोजावा. ऑफिसात चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे तीसेक ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. बिस्किटं अजून धरलीच नाहीत.

जिमचं कार्ड काढून दिवसभर खुर्चीत बसणं, रात्री अकराला जेवून लगेच आडवं होणं, हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

तपासणीतही गोंधळ होतो. उपाशीपोटी म्हणजे आठ तास काही नाही, ‘फक्त अर्धा कप चहा’ही नाही. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा, ५.७ ते ६.४ टक्के आला तर तो मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा आकडा. मात्र अंगात लोह कमी असेल तर हा आकडा उगाच चढा येऊ शकतो, त्यामुळे मुलींनी हिमोग्लोबिनही सोबत पाहावं. आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर चाळिशीची वाट बघू नका.

आणि जुना रिपोर्ट फेकू नका. यंदाचा ५.६ ‘नॉर्मल’ वाटतो. गेल्या वर्षी तो ५.२ होता हे डॉक्टरांना दाखवायला तोच कागद लागतो.