घरच्या माशांचा भाव कसा ठरवावा

जळगाव, भुसावळ, धुळे इथले टँकमध्ये शोभेचे मासे पाळणारे हौशी लोक आपापसांत मासे देतात-घेतात तेव्हा भाव बहुतेक वेळा अंदाजपंचेच निघतो. आधी खर्च मांडा. समजा, गप्पीची 40 पिल्लं झाली आणि तीन महिन्यांनी विकण्याजोगी 25 उरली. 5 वॅटचा एअर पंप चोवीस तास चालला, तर 90 दिवसांत 10.8 युनिट वीज जाते. 8 रुपये युनिटने 86 रुपये. खाद्य 160, औषध-मीठ 54. एकूण 300. याला 40 ने भागलं तर नग साडेसातला पडल्यासारखा वाटतो, पण विकायचे 25 आहेत, म्हणजे खरा खर्च नगामागे 12 रुपये. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

हा झाला तळ. वरची मर्यादा गावातल्या दुकानाचा किरकोळ भाव. घरचा मासा त्याच्या निम्म्या ते दोन तृतीयांश भावात द्यावा. दुकानात जोडी 60 ला असेल तर 30 ते 40. दुकानदाराला भाडं असतं. तुम्हाला ते नाही, मग पूर्ण भाव कशाचा?

एंजल माशाचं गणित वेगळं. ‘पक्की जोडी’ म्हणून जास्त पैसे मागायचे तर अंडी फुटून पिल्लं पोहलेली असली पाहिजेत. दोन माद्याही एकत्र अंडी घालतात. ती फळत नाहीत, पांढरी पडतात. नुसत्या अंड्यांचा फोटो पुरावा नव्हे. तसा पुरावा नसेल तर दोन सुट्या माशांचाच भाव लावा. वाकड्या कण्याचा मासा विकूच नये.

लांबी तोंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत सांगा. लांब शेपटी धरून मोजली की घासाघीस सुरू होते. पाणी बोअरचं जड आहे की नळाचं, तेही आधीच कळवा.

पॅकिंगचे पैसे वेगळे लावा. आदल्या दिवशी खाद्य बंद, दुहेरी पिशवी, एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन, वर थर्माकोलची पेटी. एप्रिल-मे मध्ये पारा 44 पर्यंत चढतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा एसटीने पाठवायचं तर पहाटेच्याच गाडीने, पिशवीत नग निम्मे. वाटेत मेलेल्याची भरपाई द्यायची असेल तर अट आधीच ठरवा: पोचल्यापासून दोन तासांत, पिशवी न उघडता काढलेला फोटो.

तारांकित कासव आणि समुद्रघोडा यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांचा भाव विचारूही नका. फूटभर झालेला सकर (टँकची काच चाटणारा मासा) मात्र खुशाल फुकट द्या, मोठा टँक असलेल्यालाच. घेणारा मिळेपर्यंत सांभाळा. जळगावच्या मेहरूण तलावात किंवा गिरणा नदीत सोडू नका.