कथेतील जागा बोलकी कशी करावी

कथेत ठाणे उभे करायचे म्हणून मासुंदा तलाव, कोपिनेश्वराचे मंदिर आणि गडकरी रंगायतन यांची नावे ओळीने लिहिली, तर वाचकाला पत्ता कळतो. तिथली माणसे काय जपतात आणि कशासाठी भांडतात, हे मात्र कळत नाही. म्हणून वर्णनाला हात घालण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की या जागी कोणाला काय करण्याची मुभा आहे आणि कोणाला नाही.

नवी मुंबईतील एखादे गाव घ्यावे. १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नव्या शहरासाठी आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती व मिठागरे घेतली गेली. पुढे त्या बदल्यात, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड देण्याची योजना आली. अशा भूखंडावरील चार मजली इमारतीच्या गच्चीवर, मे महिन्यात, घरमालकाची आई जुन्या साडीवर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकत घालते, कारण पावसाळ्याची बेगमी अजून व्हायची आहे. तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरू वासाची तक्रार घेऊन येतो. मुलगा आईला काही बोलत नाही. साडीची चार टोके धरून जवळा पाण्याच्या टाकीमागे सरकवतो आणि भाडेकरूला चहा विचारतो. घरभाड्याची गरज, आईचा मान आणि गेलेल्या जमिनीची सल हे सारे त्या चार टोकांत आले आहे. इथे ‘परंपरा आणि आधुनिकतेचा संघर्ष’ असे वाक्य लिहिण्याचा मोह होतो. ते लिहिले असेल तर निर्दयपणे खोडावे, कारण त्याने आईचा जवळा निव्वळ उदाहरण होऊन बसतो.

तपशील थोडेच ठेवावेत आणि पात्राचा हात ज्याला लागतो तेवढेच निवडावेत. बोलीचेही तसेच: आगरी कानाला सरावली नसेल, तर तिची नक्कल करण्यापेक्षा साधे संवाद लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रसंग लिहून झाला, की तो दुसऱ्या जागी नेऊन पाहावा. हाच जवळा ठाण्याच्या नौपाड्यातील एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर पसरला, तर तक्रार भाडेकरूची राहणार नाही, कमिटीची होईल. जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागेल, आणि मुलाला चहा विचारायला समोर कोणी उभे नसेल.