आधी रुपया काढा, घर नंतर

आयकॉन-संचाचं माझं पहिलं काम एका पतसंस्थेच्या वेब ॲपसाठी होतं. यादीत साठेक आयकॉन. मी सोप्यापासून सुरुवात केली: घर, घंटा, भिंग, दातेरी चाक. २४ बाय २४ चा ग्रिड, २ पिक्सेलची रेघ. फेदर हा मोफत संच याच मापावर आहे, म्हणून फार विचारही केला नाही. तीन दिवसांत चाळीस हातावेगळे झाले. मग 'हप्त्याची पावती' आली आणि गाडी अडली.

पावती म्हणजे उभा कागद आणि त्यावर ₹. कागद १६ बाय २०. वरखालची रेघ आणि तेवढीच मोकळी जागा सोडली की आत उंचीला १२ पिक्सेल उरतात. आता ₹ बघा. डी. उदय कुमार यांचं हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. दिसायला सुटसुटीत, काढायला हट्टी. वर दोन आडव्या रेघा, वळण घेऊन परत येणारी तिसरी, मग तिरका पाय. तीन रेघांचे सहा, दोन फटींचे चार, पायाला किमान चार. झाले चौदा! फटी दाबल्या की शाईचा डाग पडल्यासारखं दिसतं.

रेघ दीड पिक्सेल केली तेव्हा बसलं. पण मग आधीचे चाळीसही दीडवर आणणं आलं, आणि मी शहाण्याने त्यातल्या बऱ्याच रेघांचे आधीच आकार (रेघेच्या जागी तिच्या कडांची भरीव आकृती) करून टाकले होते, म्हणजे जाडी बदलायची सोयच उरली नव्हती. पुन्हा काढले. तेव्हापासून मूळ फाइलमध्ये रेघ ही रेघच ठेवतो. आकार फक्त एक्स्पोर्टच्या, म्हणजे ॲपमध्ये वापरायला द्यायच्या प्रतीत. आणि यादी हातात आली की सगळ्यात किचकट तीन आयकॉन आधी काढतो. जाडी, फट, कोपऱ्याची गोलाई हे सगळं तेच ठरवतात. घर कशातही बसतं.

दीडच्या रेघेला एक खोड आहे. साध्या मॉनिटरवर अर्धा पिक्सेल रंगवता येत नाही, म्हणून तिची एक कड धूसर होणारच, आणि पतसंस्थेच्या काउंटरवर साधेच मॉनिटर असतात. मग निदान कुठली कड धूसर व्हायची ते आपण ठरवावं. डावीकडच्या उभ्या रेघेचा मध्य ४.७५ वर ठेवला की बाहेरची कड नेमकी ४ वर बसते आणि धूसरपणा आत जातो. १६ पिक्सेलच्या छोट्या आयकॉनसाठी मात्र २४ चं चित्र लहान करू नका, वेगळं काढा. मी तिथे कागद काढूनच टाकला, नुसता ₹ ठेवला.

मापं सारखी म्हणजे आयकॉन सारखे दिसतील असं नाही. २० चा चौकोन २० च्या वर्तुळाशेजारी थोराड वाटतो. गूगलच्या मटेरियल या डिझाइन-नियमावलीत म्हणूनच चौकोन १८ चा आणि वर्तुळ २० चं धरतात. देवनागरी लेबलांची आणखी एक गंमत: आयकॉन ओळीच्या मध्यावर ठेवला तरी कधीकधी पिक्सेलभर घसरलेला वाटतो, कारण आपली नजर शिरोरेषा धरते. शिरोरेषा आणि अक्षराचा पाय यांच्या मधोमध लावून बघा.

एक्स्पोर्टचं थोडक्यात: एसव्हीजीत (रेघा-आकारांच्या स्वरूपात चित्र ठेवणारी फाइल) व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राची मूळ चौकट, राहू द्या; रंगाच्या जागी करंटकलर लिहा, म्हणजे आयकॉन आजूबाजूच्या मजकुराचा रंग घेतो; आयडी, म्हणजे आतल्या भागांची नावं, नीट तपासा. एकाच पानावर दोन आयकॉनांत क्लिपपाथचा (चित्र कापणाऱ्या साच्याचा) आयडी सारखा निघाला, तर दुसरा पहिल्याच्या साच्याने कापला जातो. माझ्या एका घंटेचा असा अर्धा भाग गायब झाला होता, आणि मी दिवसभर घंटेचंच चित्र तपासत बसलो होतो. फाइलला नाव चित्राचं द्या, कामाचं नको. 'पावती' टिकते, 'हप्ता-भरला' पुढच्या महिन्यात भलत्याच बटणावर जाऊन बसतं.

शेवटी सगळं खऱ्या आकारात, खऱ्या माणसाला दाखवा. बचत खात्यासाठी मी गुल्लक म्हणून गोंडस पिगी बँक काढली होती. काउंटरवरच्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "हे डुक्कर कशाला?" त्याजागी पासबुक आलं. 'जामीनदार'साठी हस्तांदोलन काढलं, तर त्यांना तो भागीदारीचा करार वाटला. दोन माणसं काढली, तर संयुक्त खातं. चार प्रयत्नांनंतर तिथे नुसता 'जामीनदार' हा शब्दच ठेवला. अजून तसाच आहे.