शहराला स्वतंत्र नगर परिषद हवी का, हे कसे ठरवावे

स्वतंत्र नगर परिषदेची मागणी बहुतेक वेळा एखाद्या रखडलेल्या कामाच्या वैतागातून पुढे येते. रस्त्यावरचे दिवे महिनोन्महिने बंद असतात, नळाला पाणी अवेळी येते आणि दाद मागायला दूरच्या कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात. हा वैताग खरा असतो आणि तो कोणी हलका लेखू नये. परंतु मागणीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी नागरिकांनी शांतपणे शोधायला हवे की, अडलेले काम स्वतःची परिषद नसल्यामुळेच अडले आहे, की त्याचे कारण वेगळेच आहे.

यासाठी सर्वांत आधी तक्रारींची एक वही घालावी. शहराच्या सर्व भागांतील, विशेषतः ज्यांचा आवाज सभेत कधी ऐकू येत नाही अशा वस्त्यांतील तक्रारी तिच्यात नोंदवाव्यात आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने आखावेत: निर्णय कोणाच्या हाती आहे, पैसा कोणाचा आहे आणि प्रत्यक्ष काम कोणाचे आहे. समजा, मुख्य रस्त्याखालची मोरी दर पावसाळ्यात तुंबते आणि शेजारच्या घरांत पाणी शिरते. चौकशी केल्यावर कळते की गटार स्थानिक संस्थेचे आहे, वरचा रस्ता वरिष्ठ सरकारच्या बांधकाम खात्याचा आहे, आणि पाण्याची मूळ वाट ज्या भरावाने अडवली, त्याला परवानगी नियोजन प्राधिकरणाने दिलेली आहे. उद्या नवी परिषद झाली, तर या तिघांपैकी केवळ गटार तिच्याकडे येईल. मोरी रुंद करायला तिलाही त्याच बांधकाम खात्याकडे अर्ज करावा लागेल. याउलट, बागेचे फाटक उघडायला माणूस नाही, स्मशानभूमीची दुरुस्ती कोणी मनावर घेत नाही, किंवा मोठ्या संस्थेच्या सभागृहात आपल्या शहराचे एकदोनच सदस्य असल्याने आपला विषय पटलावरच येत नाही, अशा तक्रारी वहीत अधिक असतील, तर स्वतंत्र परिषदेची बाजू भक्कम आहे असे समजावे. माझ्या मते वहीतील निम्म्याहून अधिक तक्रारी या दुसऱ्या प्रकारच्या नसतील, तर परिषदेचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

वही तयार झाली की कायदा वाचावा, आणि तो स्वतः वाचावा. परिषद या एकाच शब्दाखाली देशोदेशी अगदी वेगवेगळ्या अधिकारांच्या संस्था येतात. इंग्लंडमधील शहर परिषद दिवे, क्रीडांगणे, दफनभूमी, सामुदायिक सभागृहे अशी कामे पाहते. मोठे रस्ते, शाळा आणि सामाजिक सेवा वरच्या स्तराकडेच राहतात. भारतात 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी अमलात आली आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय नमूद झाले. मात्र त्यांपैकी कोणते अधिकार प्रत्यक्षात द्यायचे, हे अनुच्छेद 243-डब्ल्यूने राज्य विधिमंडळावर सोपवले आहे. म्हणजे यादीत विषय असणे आणि अधिकार हाती असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपल्या बाबतीत किती आहे, हे कलम लावूनच पाहावे लागते.

यापुढचा प्रश्न पैशाचा, आणि बहुतेक प्रस्तावांची खरी कसोटी इथेच लागते. आधी आपल्या हद्दीतून सध्या किती कर गोळा होतो आणि हद्दीत किती खर्च होतो, याचे किमान तीन वर्षांचे आकडे लेखी मागवावेत. ‘आमचा पैसा बाहेर जातो’ ही समजूत जवळपास प्रत्येक शहरात असते. काही ठिकाणी ती खरी ठरते, तर काही ठिकाणी शहर जितके देते त्याहून अधिक घेते असे निघते. त्यानंतर नव्या संस्थेचे अंदाजपत्रक मांडताना आस्थापना खर्च आधी लिहावा: मुख्याधिकारी, लेखापाल, अभियंता, कारकून, कार्यालय, लेखापरीक्षण, निवडणूक. शहर लहान असो वा मोठे, यातील बराचसा खर्च टळत नाही, त्यामुळे लहान शहराला तो जड जातो. कराच्या प्रत्येक शंभर रुपयांतले साठ कार्यालय चालवण्यातच जाणार असतील, तर उरलेल्या चाळिसांत कोणती मोरी दुरुस्त होणार, हा प्रश्न सभेत उघडपणे विचारायला हवा. कराचा मोठा वाटा एखाद्याच कारखान्याकडून येत असेल, तर तो बंद पडल्यास काय, याचेही एक वेगळे गणित मांडावे.

मालमत्तेबरोबर दायित्वेही येतात, हे तर हमखास विसरले जाते. जुनी जलवाहिनी, जलशुद्धीकरण केंद्राचे थकीत कर्ज, वर्ग होऊन येणाऱ्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन, न्यायालयात पडून असलेले भूसंपादनाचे दावे यांची यादी विभाजनाच्या वाटाघाटी सुरू होण्याआधीच हाती असावी.

प्रत्येक सेवा स्वतःच उभी केली पाहिजे असेही नाही. कॅलिफोर्नियातील लेकवूड 1954 मध्ये स्वतंत्र शहर झाले, तेव्हा त्याने स्वतःचे पोलीस दल वगैरे न उभारता बहुतेक सेवा लॉस एंजेलिस काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्यासारख्या वरच्या स्तराच्या संस्थेकडून, कराराने घेतल्या, आणि पुढे आसपासच्या अनेक नव्या शहरांनी तोच मार्ग धरला. यात निर्णय शहराकडे राहतो आणि यंत्रणेचा भार वाटला जातो. मात्र करार वाचून त्यावर देखरेख ठेवणारा जाणकार माणूस परिषदेकडे नसेल, तर सेवा देणाराच दर आणि दर्जा ठरवू लागतो.

हद्दीचा विषय नाजूक आहे. नकाशावर रेघ ओढताना कर देणारी बाजारपेठ आत आणि खर्च मागणारी वस्ती बाहेर, असा मोह होतो. तो टाळावा, कारण बाहेर राहिलेली माणसे त्याच रस्त्याने येणार असतात आणि त्याच विहिरींच्या पाण्यावर जगणार असतात. हद्द वेगळी झाल्याने सर्व काही वेगळे होते असेही नाही. कॅनडातील माँट्रियल बेटावरील नगरपालिका 2002 मध्ये एकत्र केल्या गेल्या. 2004 च्या सार्वमतानंतर त्यांतील 15 नगरपालिका 2006 मध्ये पुन्हा स्वतंत्र झाल्या. तरीही पोलीस, अग्निशमन, सार्वजनिक वाहतूक यांसारख्या सेवा बेटाच्या सामायिक परिषदेकडेच राहिल्या, तिथे मताधिक्य मध्यवर्ती शहराचे आहे, आणि स्वतंत्र झालेल्यांना आपला वाटा भरावाच लागतो. आपल्या प्रस्तावात अशा सामायिक सेवा कोणत्या राहतील आणि त्यांत आपले मत किती चालेल, हे आधी लिहून घ्यावे.

मधले मार्गही तपासावेत. सध्याच्या संस्थेतच शहरासाठी अधिकार असलेली समिती, तिच्या नावे स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते, आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी शहरात बसणारा अभियंता एवढ्याने वहीतील बऱ्याच तक्रारी मिटत असतील, तर दोन वर्षे तसे करून पाहण्यात कमीपणा नाही. नकार मिळाला, तर तो लेखी घ्यावा. पुढे तोच स्वतंत्र परिषदेच्या मागणीचा सबळ आधार ठरतो.

लोकांचा कौल घेताना प्रश्न प्रामाणिक असावा. ‘स्वतःची परिषद हवी का’ असे नुसते विचारले, तर हो म्हणणे सोपे असते. प्रश्नासोबत घरटी वाढणारा कर, मिळणारे अधिकार आणि न मिळणारे अधिकार छापून घरोघरी पोहोचवावेत. इंग्लंडमध्ये 2007 च्या कायद्यानुसार नागरिकांना अर्जाद्वारे स्थानिक परिषदांच्या रचनेच्या फेरविचाराची मागणी करता येते, आणि 2,500 हून अधिक मतदारांच्या क्षेत्रात त्यासाठी 7.5 टक्के मतदारांच्या सह्या पुरतात. सह्यांची संख्या पुरेशी झाली म्हणजे सहमती झाली असे मात्र मानू नये. विरोध करणाऱ्यांच्या हरकती मागणी करणाऱ्यांनीच आधी गोळा करून उत्तरांसह प्रसिद्ध केल्या, तर सुनावणीच्या वेळी निम्मे वाद उरत नाहीत. परिषद झाल्यास उभे राहायला तयार असलेली आणि अंदाजपत्रक वाचता येणारी माणसे प्रत्येक प्रभागात आहेत का, हेही याच फेरीत विचारून घ्यावे.

कौल बाजूने लागला, तर हस्तांतरणाच्या तारखेआधी किमान सहा महिने जुन्या संस्थेच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांसोबत शहरभर फिरावे. कोणती झडप फिरवली की कोणत्या गल्लीचे पाणी बंद होते, हे अनेकदा कोणत्याही नकाशावर नसते. ते फक्त वर्षानुवर्षे ती झडप फिरवणाऱ्या माणसाला माहीत असते, आणि तो निवृत्त होण्यापूर्वी ते कागदावर यायला हवे.