कॅराव्हॅन ओढायला गाडी घेताय? पेट्रोल की डिझेल, ते असं ठरवा

उन्हाळा जवळ आला की इथल्या, ब्रिटनमधल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पसंत पडलेली असते, वेल्सला नाहीतर कॉर्नवॉलला जागा बुक झालेली असते, आणि प्रश्न एकच असतो : "ताई, गाडी डिझेल घेऊ की पेट्रोल?" मी हडर्सफील्डला राहते. माझे वडील कराडच्या एस.टी. आगारात मेकॅनिक होते, आणि आमच्या घरात कॅराव्हॅन मीही ओढते, नवराही ओढतो. म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तर मात्र प्रत्येकाला वेगळं असतं, कारण सुट्टीचे दोन-तीन आठवडे सोडून उरलेलं वर्षभर तुमची गाडी काय करते, त्यावर ते ठरतं.

पण इंधनाच्याही आधी वजन. कॅराव्हॅनच्या दाराजवळ एक पट्टी असते. तिच्यावरचा एमटीपीएलएम हा आकडा म्हणजे सामानासकट कॅराव्हॅनचं कमाल वजन. रिकामं वजन बघून गाडी निवडू नका. गॅसची टाकी, ऑनिंग (दाराबाहेर लावायचा तंबू), मूव्हरची (सुटी कॅराव्हॅन जागच्या जागी हलवणारी) मोटर, खुर्च्या, वर आपला कुकर, तांदळाची पिशवी आणि दहा किलो कणीक, हे सगळं त्यात धरायचं असतं. शंका असेल तर भरलेली कॅराव्हॅन एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन बघा. थोडेच पैसे लागतात आणि डोक्यातला घोळ कायमचा मिटतो.

इथले कॅराव्हॅन क्लब नवख्यांना सांगतात की भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या कर्ब वजनाच्या, म्हणजे प्रवासी-सामान नसतानाच्या वजनाच्या, ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे १,२०० किलोच्या कॅराव्हॅनला साधारण १,४१२ किलोची गाडी हवी, १,३५० किलोला १,५८८ किलोची. हा सल्ला आहे, कायदा नव्हे. कायद्याची मर्यादा गाडीच्या व्हीआयएन पट्टीवर, म्हणजे ओळख क्रमांकाच्या पट्टीवर असते. दार उघडून खांबापाशी बघा, नाहीतर बॉनेटखाली. तिथे एकाखाली एक चार आकडे असतात. दुसऱ्या आकड्यातून, म्हणजे गाडी आणि कॅराव्हॅन मिळून जे वजन चालतं त्यातून, पहिला आकडा म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन वजा केलं की ओढण्याची मर्यादा निघते. एकत्रित वजनाचा आकडाच नसेल, तर ती गाडी ओढण्यासाठी नाही असं समजा आणि पुढच्या गाडीकडे वळा. ही मर्यादा ठरवताना पूर्ण वजनासह १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून सुटता आलं पाहिजे अशी अट असते. पाचदा सुटली म्हणजे दिवसभर आरामात ओढेल असं नव्हे, म्हणून मर्यादेच्या बरंच खाली राहावं.

याच टप्प्यावर डिझेलला पहिला गुण मिळतो. त्याच मॉडेलची डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा बहुधा शंभरेक किलोने जड असते. ओढताना हे वजन आपल्या बाजूचं असतं, कारण जड गाडीला मागची कॅराव्हॅन सहज हलवू शकत नाही.

आता ओढीचं बघू. गाडी विकणारे अश्वशक्ती सांगतात, तुम्ही टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर विचारा, आणि तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो तेही विचारा. स्कोडामध्ये १५० अश्वशक्तीची दोन इंजिनं मिळत आली आहेत : दीड लिटरचं पेट्रोल, टॉर्क २५० न्यूटन-मीटर, आणि दोन लिटरचं डिझेल, टॉर्क ३४०. कागदावर ताकद सारखीच. पण इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असताना हिशेब केला, तर डिझेल सुमारे ९७ अश्वशक्ती देतं आणि पेट्रोल ७१. तेवढंच काम करायला पेट्रोलला २,७०० फेऱ्या लागतात. अजून चढ आला की ३,५००. पेट्रोल गाडी चढत नाही असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. ती चढते, पण दोन गिअर खाली उतरून आणि आवाज करत.

आमच्याकडचा एम ६२ मोटरवे याची चांगली परीक्षा घेतो. हडर्सफील्डहून मँचेस्टरकडे निघालं की स्कॅमंडनचं धरण, मग दोन्ही बाजूंच्या रस्त्यांच्या मधोमध असलेलं ते स्टॉट हॉल फार्म, आणि चढत चढत विंडी हिल. ३७२ मीटर, इंग्लंडच्या मोटरवेंमधला सगळ्यात उंच माथा. आमच्या डिझेलला तिथे पाचवा गिअर पुरतो, फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या जरा वर असतो आणि मागे मुलांच्या गप्पा ऐकू येतात. मैत्रिणीच्या पेट्रोल गाडीला हीच कॅराव्हॅन लावून मी तोच चढ चढले आहे. गाडी तिसऱ्यावर गेली, वेग पन्नासच्या खाली आला, आणि मी ट्रकांच्या रांगेत शांतपणे वर पोचले. धोका कुठेही वाटला नाही. तसाही कॅराव्हॅन मागे असताना मोटरवेवर ताशी ६० मैलांच्या वर जाता येत नाही आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर अगदी उजवीकडची लेन आपल्यासाठी बंद असते.

उतारावर मात्र दोन्ही इंधनांना नियम एकच, आणि तो आमच्या आगारातला प्रत्येक ड्रायव्हर सांगायचा : ज्या गिअरने घाट चढलात, त्याच गिअरने उतरा. गिअर उताराच्या आधीच खाली घ्या.

इंधनाच्या खर्चाचं लोक फार मोठं करून सांगतात. ओढताना आमच्या डिझेलला गॅलनला २८ मैल पडतात, मैत्रिणीच्या पेट्रोलला २२. जोर लागला की टर्बो पेट्रोल इंजिन तापमान काबूत ठेवायला जास्त पेट्रोल ओततं, म्हणून त्याची घसरण मोठी असते. वर्षाला २,००० मैल ओढलं, पेट्रोल लिटरला १.४० पौंड आणि डिझेल १.४७ धरलं, तर फरक येतो शंभर पौंडांचा. पुढे जे सांगणार आहे त्याच्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. धरलेली काजळी ती सुमारे ६०० अंशांना जाळून टाकते, आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी पळायला हवी. ओढताना एक्झॉस्ट भरपूर तापतो, तेव्हा ही जाळी सुखात असते. तिचे हाल होतात ते उरलेल्या वर्षात. सकाळी शाळा, तिथून टेस्को, संध्याकाळी पोहण्याचा क्लास, सगळं दोन-दोन मैलांचं. इंजिन तापायच्या आत बंद. लेस्टरच्या माझ्या मामेबहिणीचं वर्ष अगदी असंच जातं. तिला एका विक्रेत्याने "कॅराव्हॅन आहे ना, मग डिझेलच" म्हणून गाडी गळ्यात मारली. वर्षाच्या आत पिवळा दिवा लागला आणि जाळी बदलायला हजार पौंडांच्या वर गेले. जाळी काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती गायब दिसली की गाडी एमओटीत, म्हणजे वार्षिक तपासणीत, नापास होते.

जाळी साफ होत असताना गाडी तुम्हाला सांगत असते. थांबल्यावर फेऱ्यांचा काटा नेहमीच्या आठशेऐवजी हजारावर दिसतो, पंखा विनाकारण फिरत राहतो, गरम वास येतो, आपोआप बंद होणारं इंजिन सिग्नलला बंद होत नाही. अशा वेळी दारात पोचलात तरी इंजिन बंद करू नका, एक मोठा फेरा मारून या. जुनी डिझेल बघायला जाल तेव्हा मालकाला आधी हेच विचारा की रोजचं जाणं-येणं किती मैलांचं होतं. लांब मोटरवेवर चाललेली लाखभर मैलांची डिझेल मला शहरात चाललेल्या तीस हजारवालीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

तेव्हा माझा कौल असा. आठवड्यातून दोन-तीनदा तरी मोटरवेवर अर्धा तास गाडी चालत असेल आणि कॅराव्हॅन १,३०० किलोच्या वर असेल, तर बिनधास्त डिझेल घ्या. रोजचं चालवणं गल्लीतलं असेल आणि कॅराव्हॅन दोघा-तिघांची, हलकी असेल, तर दीड ते दोन लिटरचं टर्बो पेट्रोल घ्या आणि चढावर तिसरा गिअर मान्य करा. कॅराव्हॅन जड पण रोजचं चालवणं गल्लीतलं, ही सगळ्यात अवघड जोडी. तिथे मी सांगते की गाडी नका बदलू, कॅराव्हॅन हलकी शोधा. मामेबहिणीने शेवटी तेच केलं. हायब्रिड विचारात असेल तर प्रत्येक मॉडेलची मर्यादा स्वतंत्र तपासा. टोयोटा आरएव्ही ४ हायब्रिड चारही चाकांना ताकद देणारी असेल तर १,६५० किलो ओढते, दोनच चाकांना देणारी असेल तर ८०० किलोच. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

लंडनमध्ये राहत असाल तर यूलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर रोजचा आकार लावणारा विभाग पाहा. पेट्रोल युरो ४ (युरोपचा प्रदूषणाचा दर्जा) असलं की चालतं, डिझेलला युरो ६ लागतं, म्हणजे साधारण सप्टेंबर २०१५ नंतरची गाडी. नाहीतर दिवसाला साडेबारा पौंड. २९ ऑगस्ट २०२३ पासून हे लंडनच्या सगळ्या बरोंना (प्रशासकीय विभागांना) लागू आहे. बर्मिंगहॅमच्या मध्यभागातही असाच आकार आहे, दिवसाला आठ पौंड.

गिअरबॉक्स विसरू नका. पुरेशा टॉर्कची ऑटोमॅटिक ओढायला सुखाची, पण कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचच्या ऑटोमॅटिकला चढावर कॅराव्हॅन इंच इंच मागे ढकलायला लावली तर क्लच जळल्याचा वास येतो. साइटवर पिचात, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागेत लावताना मूव्हर वापरा.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा घरच्या चौघांना आत बसवा, डिकी भरा आणि जवळचा खरा चढ निवडा. चढावर मध्येच थांबून पुन्हा सुटून बघा. टो-बार (कॅराव्हॅन जोडायचा मागचा दांडा) गाडीत नसेल तर बसवण्याचा आणि १३ पिनांच्या वायरिंगचा खर्च किमतीत मिळवा, आणि टो-बॉलवर, म्हणजे त्या दांड्याच्या गोळ्यावर, किती भार चालतो ते हँडबुकात वाचा. भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार तिथे पडायला हवा. १,३५० किलोला ६८ ते ९५ किलो झाले, आणि काही गाड्यांचा टो-बॉल ७५ च्या पुढे परवानगी देत नाही. अशी गाडी निवडलीत तर जड सामान कॅराव्हॅनच्या पुढच्या पेटीत न ठेवता ॲक्सलच्या वर ठेवावं लागेल.