घरच्या गणपतीच्या आराशीचा त्रिमिती फोटो

आराशीचा साधा फोटो चपटाच येतो. पुढे मोदकांचे ताट, त्यामागे समई, मग मूर्ती, मखराची कमान आणि शेवटी पडदा, असे सगळे कागदावर एकाच पातळीत येऊन बसते. ही हरवलेली खोली परत आणायला एक मोबाईल, एक स्टीलची पट्टी आणि दोन भिंगे पुरतात.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६३-६४ मिमी अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य जरासे वेगळे दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. दोन सपाट चित्रांतूनही ही खोली उभी करता येते, हे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. फोटोग्राफी तेव्हा जाहीरही झाली नव्हती, त्यामुळे त्यांनी रेखाचित्रे वापरली होती.

मोबाईल किती सरकवायचा?

आपणही हेच करायचे: एक फोटो घ्यायचा, मोबाईल जरासा बाजूला सरकवून दुसरा घ्यायचा आणि मग दोन भिंगांतून प्रत्येक डोळ्याने आपापला फोटो बघायचा. किती सरकवायचे, या एका आकड्यात सगळ्या कामाचा जीव आहे. फ्रेममधली सर्वांत जवळची वस्तू मोबाईलपासून जितकी लांब, त्याच्या तिसाव्या भागाइतके सरकायचे. अंतर मूर्तीपासून मोजू नका, पुढच्या ताटापासून मोजा. ताट दीड मीटरवर असेल तर ५ सेंमी, दोन मीटरवर असेल तर साडेसहा सेंमी. जास्वंदीचे फूल ३० सेंमीवरून टिपायचे असेल तर फक्त १ सेंमी. गडावरून दरी टिपताना जवळचे झाड ६० मीटरवर असेल, तर दोन मीटर बाजूला जावे लागेल.

जास्त सरकलात तर दोन चित्रे जुळताना डोळ्यांना ताण पडतो, कमी सरकलात तर खोली मिळत नाही. झूम टाळाच. झूममध्ये प्रत्येक वस्तू पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी दिसते. रांगोळी एकटी टिपून काही हाती लागत नाही, कारण तिला खोलीच नसते. तिच्यावर पणत्या ठेवल्या की मात्र फोटो लगेच उठून दिसतो.

फोटो काढताना

१. मूर्तीसमोर स्टूल ठेवून त्यावर स्टीलची पट्टी चिकटपट्टीने पक्की करा. मोबाईल जाड पुस्तकाला टेकवून उभा बांधा आणि पुस्तकाची कड पट्टीला लावा.

२. पंखा आणि फ्लॅश बंद करा. फ्लॅश मोबाईलबरोबर सरकतो, त्यामुळे दोन फोटोंत सावल्या वेगळ्या पडतात. दिव्यांच्या माळा लुकलुकत असतील तर त्या स्थिर मोडवर लावा. उदबत्ती नंतर पेटवा, धुराचा आकार दोन फोटोंत कधीच जुळत नाही.

३. स्क्रीनवर मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. काही मोबाईल जवळच्या वस्तूसाठी आपोआप दुसऱ्या लेन्सवर जातात, ती सोयही बंद करा.

४. तीन सेकंदांचा टायमर लावून आधी डावीकडचा फोटो घ्या. पुस्तक पट्टीवरून ठरलेले अंतर उजवीकडे सरकवा आणि दुसरा घ्या. क्रम कायम डावा-उजवा असाच ठेवा.

सरकवताना मोबाईल मूर्तीकडे वळवण्याचा मोह होतो, पण तो वळवू नका. वळवला की मखराचा एक खांब एका फोटोत उंच आणि दुसऱ्यात बुटका येतो, मग कडेच्या वस्तू जुळत नाहीत. मूर्ती फ्रेममध्ये थोडी बाजूला गेली तरी बिघडत नाही, ते कातरताना सुधारते. पितळी समईवरची चकाकी दोन फोटोंत वेगळ्या जागी येईल. ती पुसू नका. धातू खरोखर चकाकताना दिसतो तो याच फरकामुळे.

जोडणी आणि प्रिंट

विंडोजवर 'स्टिरिओ फोटो मेकर' हे मोफत सॉफ्टवेअर वर-खालचा फरक आपोआप काढून टाकते. हाताने करणार असाल तर मूर्तीच्या डोळ्यांची पातळी दोन्ही फोटोंत अगदी एक करा. प्रिंटवर एक मिलिमीटरचा वर-खाल फरकही त्रास देतो.

मग दोन्ही फोटो सारख्याच प्रमाणात लहान करून कातरा. डाव्या फोटोची डावी कड आणि उजव्या फोटोची उजवी कड इतकी कापायची, की ताट आपापल्या फोटोच्या डाव्या कडेपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर येईल. यामुळे फोटोची चौकट खिडकीसारखी वाटते आणि सगळी आरास तिच्या आत दिसते. हे राहिले तर पुढची वस्तू चौकटीबाहेर येऊ पाहते आणि तरीही चौकटच तिला कापते. असे चित्र पाहवत नाही.

आता १८०० × १२०० पिक्सेलचा कोरा कॅनव्हास घ्या. हा ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ६ × ४ इंचांचा होतो. प्रत्येक फोटो ७२० × ९०० पिक्सेलचा करून, डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे, मधोमध चिकटून ठेवा. छापल्यावर प्रत्येकाची रुंदी ६१ मिमी भरते. स्टुडिओत 'कडा कापू नका, मोठे करू नका' असे आवर्जून सांगा. प्रिंट हाती आल्यावर मागच्या पडद्यावरचा एकच ठिपका दोन्ही फोटोंत शोधून मधले अंतर मोजा. ते ६५ मिमीच्या वर गेले तर प्रिंट पुन्हा काढावी, कारण डोळे बाहेरच्या बाजूला फाकवणे अवघड असते.

बघायचे खोके

प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून ५० मिमी व्यासाची, १५ सेंमी नाभीय अंतराची दोन सारखी बहिर्वक्र भिंगे आणा. घरी ती तपासून घ्या: खिडकीबाहेरच्या लांबच्या इमारतीची प्रतिमा भिंगाने समोरच्या भिंतीवर पाडा. प्रतिमा स्पष्ट होते तेव्हा भिंग ते भिंत हे अंतर १५ सेंमीच्या जवळपास हवे.

पुठ्ठ्याचे खोके आतून १५५ मिमी रुंद, १०५ मिमी उंच आणि १५ सेंमी लांब करा. पुढच्या पुठ्ठ्यात भिंगांची दोन भोके पाडा, त्यांच्या केंद्रांत ६३ मिमी अंतर ठेवा. मागे प्रिंट लावा. मधोमध काळ्या कार्डाचा उभा पडदा बसवा, म्हणजे प्रत्येक डोळ्याला आपलाच फोटो दिसेल. वरची बाजू उघडी ठेवा, उजेड तिथूनच यायचा आहे.

दूरचे दिसायला चष्मा लागत असेल तर तो घालूनच बघा. घाई न करता मागच्या पडद्याकडे लांब बघितल्यासारखे बघा, काही सेकंदांत दोन चित्रांचे एक होते. मूर्ती खोलगट आणि पडदा पुढे दिसला तर डावा-उजवा उलटा लागला आहे. तिरळेपणा असलेल्या किंवा एका डोळ्याची नजर मंद असलेल्या काहींना खोली दिसतच नाही, त्यांनी ताण देऊ नये.

खोक्याऐवजी लाल-निळसर काचांच्या चष्म्यातून बघायचे एकच चित्रही करता येते; ते व्हॉट्सॲपवर पाठवायला सोयीचे असते, पण रंग बिघडतात. त्यात लाल भाग डाव्या फोटोतून, हिरवा-निळा उजव्या फोटोतून घेतात आणि चष्म्याची लाल काच डाव्या डोळ्यावर येते. लाल जास्वंद आणि लाल पीतांबर एका डोळ्याला उजळ, दुसऱ्याला जवळजवळ काळे दिसतात आणि चित्र तिथे थरथरते. अशा आराशीचे दोन्ही फोटो आधी कृष्णधवल करून घ्यावेत.