कौलं परतायची तर शिमगा झाल्या झाल्या
कोकणात कौलारू घर असेल तर शिमगा झाला की लगेच कौलं परतायला, म्हणजे काढून, फुटकी बदलून पुन्हा नीट लावायला घ्या, मे महिन्यात माणसं मिळत नाहीत आणि ७ जूनच्या आसपास पाऊस येतोच. वर चढायच्या आधी भर दुपारी दारं-खिडक्या लावून माळ्यावर अंधारात उभं राहा, जिथून उन्हाची तिरीप येते तिथल्या रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्टीवर, खडूने खूण करा, फुटलेलं कौल बरोब्बर सापडतं. रीप नखाने दाबून बघा, भुसा पडला तर बदलाच, नुसतं कौल बदलून काय उपयोग. पन्हळीतला पालापाचोळाही काढा. आणि जुनी अख्खी कौलं फेकू नका हो, नवीन कौल जुन्यात बसेलच असं नाही, मी २५ तरी पडवीत रचून ठेवते.